हे खरे आहे काय?

विधिमंडळाचे किंवा संसदेचे कामकाज ज्यांनी प्रेक्षकांच्या सज्जातून अथवा दूरचित्रवाणीच्या पडद्यावर पाहिले आहे त्यांच्या मनात लोकप्रतिनिधीचे जे चित्र उभे राहते, ते स्वाभाविकपणेच बोलणाऱ्या माणसाचे असते. मी मात्र माझ्या उभ्या नोकरीत त्याच्याकडे एका निराळ्या जागेवरून पाहत आलो. सभागृहात विचारल्या गेलेल्या प्रश्नाच्या उत्तराचा पहिला कच्चा मसुदा जेथे तयार होतो, ते महसूल खात्याच्या तालुका कचेरीतले जुने सागवानी मेज ही ती जागा. अविभक्त ठाणे जिल्ह्यात मी कारकून म्हणून रुजू झालो, पुढे अव्वल कारकून झालो, आणि १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर हा राज्याचा छत्तिसावा जिल्हा अस्तित्वात आला तेव्हा दप्तराचे गठ्ठे बांधून नव्या जिल्ह्याच्या हवाली करणाऱ्यांत मीही होतो. परंतु मेज बदलले, साहेब बदलले, तरी अधिवेशनाच्या तोंडावर येणारे हे काम काही माझी पाठ सोडीना. मंत्रिमहोदयांच्या मुखातून सभागृहात उमटणारे वाक्य प्रथम बोईसरच्या किंवा तलासरीच्या एखाद्या तलाठ्याच्या अहवालात जन्माला आलेले असते, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते; आणि ज्या थोड्या ग्रामीण प्रतिनिधींना ती ठाऊक होती त्यांचेच प्रश्न, माझ्या अनुभवाप्रमाणे, लोकांच्या कामी आले.

विधानसभेच्या प्रश्नाला आमच्या कचेऱ्यांत ‘एलएक्यू’ म्हणतात. तो विधानमंडळ सचिवालयातून मंत्रालयात, मंत्रालयातून जिल्हाधिकाऱ्यांकडे, तेथून प्रांतांकडे, प्रांतांकडून मामलेदारांकडे आणि शेवटी तलाठ्याच्या सजेपर्यंत उतरतो, आणि उतरताना प्रत्येक पायरीवर त्याची मुदत कमी होत जाते. वर त्याला आठवड्याची सवड असली तर खाली ‘आजच्या आज’ असा तगादा येतो. माझ्या उमेदीच्या काळात हा निरोप बिनतारी संदेशाने यावयाचा, मग फॅक्सच्या गुळगुळीत कागदावर येऊ लागला आणि अखेरीअखेरीस तो मोबाईलवर येई. पण त्याच्या आगमनाने कचेरीत जी हालचाल होते तीत मात्र बदल झाला नाही. बारनिशीत नोंद होऊन वर्षानुवर्षे निजलेला एखादा अर्ज, ज्याच्यासाठी मोखाड्याच्या घाटातून आलेला म्हातारा कचेरीच्या पायरीवर अनेकदा बसून गेलेला असतो, तो अर्ज एलएक्यूच्या दिवशी तासाभरात सापडतो. नस्तीला तातडीची पताका लागते, मंडळ अधिकारी मोटारसायकल काढून जागेवर जातो, आणि ज्या पाड्यावर सहसा कोणी फिरकत नाही तेथे पंचनामा होतो. सभागृहात तो प्रश्न उच्चारला जाईल की नाही हे अजून कोणालाच ठाऊक नसते.

आपल्या विधिमंडळातील प्रश्नाचा एक ठरीव साचा आहे. अमुक ठिकाणी अमुक घडले, हे खरे आहे काय. असल्यास, शासनाने चौकशी केली आहे काय. चौकशीत काय आढळून आले व त्यानुसार कोणती कार्यवाही करण्यात आली. नसल्यास, विलंबाची कारणे काय? उत्तराचाही साचा तितकाच जुना आहे : होय, हे खरे नाही, अंशतः खरे आहे, प्रश्न उद्भवत नाही. बाहेरच्या माणसाला हा केवळ शब्दच्छल वाटतो. आम्हां कारकुनांच्या दृष्टीने मात्र त्यात एक शास्त्र होते. एखाद्या गावातील सर्व कुटुंबे पाण्यावाचून तहानलेली आहेत हे खरे आहे काय, असे कोणी विचारले आणि त्या गावातील दोन घरांत विहीर असली, तर ‘हे खरे नाही’ असे निःशंक लिहिता येत असे, आणि पहिल्या भागाला नकार मिळाला की पुढचे तिन्ही भाग आपोआप उद्भवेनासे होत. ते उत्तर असत्य नसे. ते निरुपयोगी असे. आणि असत्य न लिहिता निरुपयोगी लिहिणे हे कचेरीतील एक मानाचे कौशल्य होते, हे मी येथे स्पष्टच नमूद करतो. या कौशल्याला उतारा एकच होता आणि तो प्रश्न विचारणाऱ्याच्या हाती होता.

तो उतारा ज्यांच्याकडून मला प्रथम समजला, त्या आमदारसाहेबांचे नाव मी लिहीत नाही. त्यांना हयातीतही नावाची हौस नव्हती. आदिवासी पट्ट्यातील राखीव जागेवरून ते निवडून आलेले होते, शिक्षण बेताचे होते, आणि सभागृहात त्यांचे भाषण कोणी रंगून ऐकले असेल असे मला वाटत नाही. ते एसटीने येत, कचेरीच्या बाकावर इतर अर्जदारांसारखेच बसत, आणि त्यांच्या शबनम पिशवीत मुलांची असते तशी चौरेघी वही असे. एका पाटबंधाऱ्याच्या कामात उठवल्या गेलेल्या एका पाड्याला शासनाने पर्यायी जमीन दिली होती. लोक ती कसत होते, परंतु फेरफार मंजूर न झाल्यामुळे सातबाऱ्यावर त्यांची नावे चढलेली नव्हती. आणि सातबारा नाही म्हणून सोसायटीचे पीककर्ज नाही, आणि आदिवासी विकास महामंडळाच्या खरेदी केंद्रावर भात घालण्याची सोय नाही. भात पिकवावयाचे आणि ते हमीभावापेक्षा कमी दराने व्यापाऱ्याच्या काट्यावर ओतावयाचे, असा त्या लोकांचा क्रम होता. साहेबांनी माझ्याकडून गट क्रमांक मागितले, फेरफाराच्या अर्जांच्या तारखा मागितल्या, एकेक नाव वहीत उतरून घेतले. मी म्हणालो, “साहेब, ‘अनेक कुटुंबे वंचित आहेत’ एवढे लिहिले तरी प्रश्न होईल की.” ते म्हणाले, “भाऊसाहेब, मी ‘अनेक’ लिहिलं की तुम्ही ‘नाही’ लिहिता. मी सतरा लिहिलं, तर तुम्हाला मोजावं लागतं.”

तो प्रश्न सभागृहात कधीच आला नाही. त्या दिवशी यादीतील वरचे चार-पाच प्रश्न होईतो तास संपला आणि याचे उत्तर नुसते छापले गेले. पण त्या छापील उत्तरात काय होते? ‘सदर खातेदारांच्या नावे फेरफार नोंदी प्रमाणित करण्यात आल्या आहेत.’ शासनाला ‘अद्याप केलेले नाही’ असे लिहिणे आवडत नाही, आणि म्हणून उत्तर वर जाण्यापूर्वी ते काम करून टाकण्याची घाई खाली उडते. सतराही नोंदी उत्तराच्या मुदतीच्या आत झाल्या. मंत्र्यांनी काही सांगितले नाही, आमदार काही बोलले नाहीत, वर्तमानपत्रात ओळ आली नाही. त्या हंगामाचे भात मात्र केंद्रावर गेले. लोकप्रतिनिधीच्या कर्तृत्वाचे माप त्याच्या भाषणांच्या संख्येवरून आणि उपस्थितीच्या टक्केवारीवरून काढणाऱ्यांनी असले काम कोणत्या रकान्यात धरावे, हे त्यांनीच ठरवावे.

उत्तर चार ओळींचे असले तरी त्याच्यासोबत आम्ही आणखी एक कागद पाठवीत असू, तो म्हणजे पूरक टिपणी. सदस्याने आयत्या वेळी उपप्रश्न विचारला तर मंत्र्यांची अडचण होऊ नये म्हणून प्रकरणाची सगळी हकीकत, आमच्या उणिवांसकट, या टिपणीत द्यावी लागे. छापील उत्तरात जे नसे ते सारे येथे असे. अधिवेशन नागपूरला असले म्हणजे हे कागदांचे बस्ते घेऊन आमच्यापैकी कोणाला तरी डिसेंबरच्या थंडीत तिकडे धाडले जाई. मीही तेथे विधानभवनाच्या व्हरांड्यात नस्ती मांडीवर घेऊन बसलो आहे. आत प्रश्नोत्तराचा तास चाललेला, अधिकाऱ्यांच्या दीर्घेतून चिठ्ठ्या पुढे सरकत असलेल्या, आणि आपल्या जिल्ह्याचा क्रमांक येतो की काय या विवंचनेत आमचे वरिष्ठ पाणी पीत असलेले. जो सदस्य गावची पायवाट तुडवून आलेला असे त्याचा एक उपप्रश्न ती सहा पानी टिपणी उघडावयास लावी; जो नुसता वर्तमानपत्राचे कात्रण घेऊन आलेला असे तो छापील उत्तराने गप्प होई, आणि टिपणी जशीच्या तशी बांधून परत येई. अशा परत आलेल्या टिपण्या जिल्ह्याचा खरा इतिहास म्हणून कोणी जतन करावयास हव्या होत्या, असे मला पुष्कळदा वाटले आहे.

मोघम प्रश्न टाळावा, हा नियम झाला. परंतु नेमका प्रश्नही चुकीच्या जागी नेमका असला तर फसतो, हे आम्ही कुपोषणाच्या बाबतीत पाहिले. १९९२ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथील बालमृत्यूंनी महाराष्ट्र हादरला, मंत्र्यांच्या आणि पत्रकारांच्या गाड्या त्या डोंगरात प्रथमच पोहोचल्या, आणि पुढे कित्येक अधिवेशने हा विषय गाजत राहिला. तेथे वहीतला आकडा पुरेसा नव्हता. आवाजच उठवावयास हवा होता आणि तो उठवला गेला, हे मान्य केले पाहिजे. मात्र त्यानंतर जेव्हा जेव्हा ‘कुपोषणामुळे किती बालके मृत्यू पावली’ असा प्रश्न येई, तेव्हा आरोग्य खात्याकडून येणाऱ्या माहितीत कारणांच्या रकान्यात न्यूमोनिया असे, ताप असे, अतिसार असे, अपुऱ्या दिवसांचा जन्म असे. कुपोषण हे मृत्यूचे कारण म्हणून दाखल होत नसे, कारण उपासाने खंगलेले मूल शेवटी कोणत्या ना कोणत्या दुखण्यानेच जाते. तेव्हा उत्तर तयार असे : बालमृत्यू कुपोषणामुळे झालेले नसून विविध आजारांमुळे झाले आहेत. पुढे काही सदस्यांनी प्रश्नाची मांडणी बदलली. सहा वर्षांखालील किती बालके दगावली, त्यांपैकी प्रत्येकाचे शेवटचे नोंदलेले वजन किती, त्या अंगणवाडीत त्या महिन्यात आहार किती दिवस शिजला, आणि आईवडील त्या वेळी गावात होते की वीटभट्टीवर, असे विचारल्यावर ‘विविध आजार’ हे उत्तर तोकडे पडू लागले. आकड्यांचे ते तक्ते भरताना आमच्यातल्या एका निबर लेखनिकाचाही हात थांबलेला मी पाहिला आहे.

दिल्लीच्या प्रश्नांची गत थोडी वेगळी होती. लोकसभेत पंधरा दिवसांची पूर्वसूचना द्यावी लागते, नावांच्या चिठ्ठ्या पडतात, दिवसाला वीस तारांकित आणि दोनशे तीस अतारांकित प्रश्न यादीवर येतात, आणि तारांकितांपैकी मोजकेच सकाळच्या त्या एका तासात तोंडी विचारले जातात. नवख्या ग्रामीण खासदाराला खरा आधार असतो तो शून्य प्रहराचा आणि नियम ३७७ चा; अडीचशे शब्दांच्या आत आपल्या भागाचे गाऱ्हाणे मांडावयाचे, आणि मंत्र्यांकडून यथावकाश लेखी उत्तर यावयाचे. आमच्या भागाने तेथे धाडलेली माणसेही नाना प्रकारची. १९४५ च्या वारली उठावात वेठबिगारीविरुद्ध उभे राहिलेले शामराव परुळेकर १९५७ साली संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत ठाणे मतदारसंघातून लोकसभेत गेले. त्यानंतर दहा वर्षांनी जव्हार संस्थानचे शेवटचे राजे यशवंतराव मुकणे डहाणूचे खासदार झाले. १९७७ मध्ये तलासरी भागातील मार्क्सवादी कार्यकर्ते लहानू कोम, मग काँग्रेसचे दामोदर शिंगडा, मग भारतीय जनता पक्षाचे वकील चिंतामण वनगा. राजा, कम्युनिस्ट, वकील. आणि तरी प्रश्नांचे विषय चाळले तर तेच ते : जंगलजमीन, पाणी, कुपोषण, मासेमारी, रेल्वेचा थांबा. वनगा ३० जानेवारी २०१८ रोजी अर्थसंकल्पी अधिवेशन नुकतेच सुरू झाले असताना दिल्लीत वारले.

तारापूरचे नाव संसदेत जितक्या वेळा उच्चारले गेले असेल तितके या जिल्ह्यातील दुसऱ्या कोणत्याही गावाचे गेले नसेल. २८ ऑक्टोबर १९६९ रोजी देशातील पहिले अणुविद्युत केंद्र येथे सुरू झाले. १९७४ च्या पोखरण चाचणीनंतर अमेरिकेने इंधनाबाबत हात आखडता घेतला आणि १९८२ मध्ये फ्रान्सशी करार होईपर्यंत तारापूर म्हणजे समृद्ध युरेनियम, तारापूर म्हणजे राष्ट्राचे सार्वभौमत्व, अशी चर्चा होत राहिली. ती चर्चा राष्ट्राच्या दृष्टीने महत्त्वाचीच होती. तथापि आमच्या मेजावर बसलेल्या माणसाला एक गंमत दिसे, ती अशी की, ज्या तारापूर गावाला किल्ला आहे, ग्रामपंचायत आहे आणि चिंचणीच्या शेजारचा बाजार आहे, ते गाव या तारापुरात नाही. केंद्र उभे आहे ते अक्करपट्टी-घिवलीच्या बाजूच्या किनाऱ्यावर. ‘तारापूर औद्योगिक वसाहत’ पसरली आहे ती बोईसरच्या लगतच्या सालवड, पास्थळ, सरावली, कुंभवली, कोलवडे या गावांच्या शिवारात. त्यामुळे नुसते ‘तारापूर येथे’ असे लिहिलेला प्रश्न कधी अणुऊर्जा विभागाकडे जाई, कधी उद्योग खात्याकडे, कधी ग्रामविकासाकडे, आणि अधिवेशन संपेपर्यंत तो एका खात्यातून दुसऱ्या खात्यात ‘वर्ग’ होत राही. तिसरी आणि चौथी अणुभट्टी २००६ आणि २००५ मध्ये कार्यान्वित झाली. त्यांच्यासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही दोन गावे उठली, आणि तो तंटा उच्च न्यायालयापर्यंत गेला. प्रत्येकी पाचशे चाळीस मेगावॉट हा आकडा दिल्लीच्या उत्तरांत हमखास सापडे. पुनर्वसनात मिळालेला भूखंड किती चौरस मीटरचा, तेही उत्तरात लिहिता येते. परंतु किनाऱ्यावरून आत नेलेल्या माणसाने होडी कोठे ओढावयाची आणि जाळे कोठे वाळवावयाचे, हे प्रश्नात विचारल्याखेरीज उत्तरात येत नाही, आणि ते विचारण्यासाठी प्रश्नकर्त्याला एकदा तरी त्या ओटीवर बसावे लागते.

संसदेच्या उत्तरांत एक वाक्य वारंवार येते : ‘माहिती संकलित करण्यात येत असून ती सभापटलावर ठेवण्यात येईल.’ वर्तमानपत्रवाले या वाक्यापाशी निराश होऊन लेखणी खाली ठेवतात. जाणते सदस्य तेथून कामाला लागतात, कारण हे वाक्य नियमाप्रमाणे ‘आश्वासन’ ठरते, ते शासकीय आश्वासन समितीच्या वहीत चढते आणि तीन महिन्यांच्या आत ते पुरे करण्याची जबाबदारी खात्यावर पडते. लोकसभेची ही समिती १९५३ पासून आहे आणि विधिमंडळातही तशी समिती आहे. एखादा प्रश्न विझला असे समजून आम्ही नस्ती कपाटात ठेवावी आणि वर्ष लोटल्यावर ‘प्रलंबित आश्वासन’ या मथळ्याखाली ती पुन्हा मागवली जावी, असे अनेकदा घडे. पाठपुरावा करणारा सदस्य असला तर तिसऱ्या स्मरणपत्राला काम होई. नसला तर मुदतवाढ मागण्याचा छापील नमुना आमच्याकडे तयारच असे. २०२० च्या सप्टेंबरमध्ये महामारीमुळे संसदेच्या अधिवेशनात प्रश्नोत्तराचा तासच झाला नाही, तेव्हा लोकशाहीचे काय होणार अशी चिंता विद्वानांनी व्यक्त केली. मी तोवर निवृत्त झालो होतो, पण खालच्या कचेऱ्यांत काय झाले असेल ते मला न सांगता कळले. पताका कमी लागल्या असतील.

सूर्या प्रकल्पाच्या पाण्याविषयी इतके प्रश्न माझ्या हाताखालून गेले आहेत की त्यावर स्वतंत्र प्रकरण होईल. धामणी आणि कवडासचे पाणी मुळात डहाणू-पालघर भागाच्या शेतीसाठी म्हणून अडवले, त्यासाठी आदिवासी पाडे बुडाले, आणि नंतर ते नळावाटे वसई-विरार व मिरा-भाईंदरकडे निघाले. मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची योजना दिवसाला ४०३ दशलक्ष लिटरची आहे. शहराला पाणी देऊ नये असे कोणी म्हणणार नाही. पण सभागृहातील प्रश्न ‘सिंचनाचे पाणी पळवले’ असा भावनेचा असला की उत्तर ‘सिंचनावर परिणाम होणार नाही’ असे तितकेच भावनेचे येई. उजव्या कालव्याच्या अमुक वितरिकेवर अमुक वर्षी उन्हाळी आवर्तने किती सुटली, हे विचारले तेव्हाच पाटबंधाऱ्याच्या माणसांनी नोंदवह्या उघडल्या.

निवृत्तीपूर्वीच्या अखेरच्या हिवाळ्यात, नोव्हेंबर २०१८ पासून, डहाणू-तलासरी भागात धुंदलवाडीच्या आसपास धरणीकंपाचे धक्के सुरू झाले. १ फेब्रुवारी २०१९ रोजी ते दिवसभर लागून राहिले आणि त्यांतला एक ४.१ तीव्रतेचा होता. माणसे थंडीत घराबाहेर निजू लागली, शाळा झाडाखाली भरू लागल्या, तंबू आणि ताडपत्र्या वाटण्यात आल्या. प्रश्न आले, तेही दोन्ही सभागृहांच्या दिशांनी. उत्तरात भूकंपमापक यंत्रे किती बसवली, तंबू किती वाटले, नुकसानीचे पंचनामे किती झाले, हे सगळे रीतसर गेले. पंचनामे मात्र तडे गेलेल्या भिंतींचे होतात. घरकुल योजनेतली सिमेंटची भिंत तडकते. कारवीच्या कुडाची, शेणाने सारवलेली भिंत हलते, वाकते आणि उभी राहते, म्हणून ती नुकसानीच्या यादीत येत नाही, आणि तिच्या आत झोपण्याचे धैर्य गमावलेले कुटुंबही येत नाही. हा भेद एका पंचायत समिती सदस्याच्या ध्यानात आला, त्याने तो आपल्या आमदारांच्या कानावर घातला, आणि पुढच्या प्रश्नात ‘कुडाच्या घरांतील किती कुटुंबांना तंबू मिळाले’ असा पोटभाग दाखल झाला. तेव्हा आम्हांला पाडेवार याद्या नव्याने कराव्या लागल्या. ज्याने हे पाहिले त्याचे नाव कोठल्याच कामकाजात छापलेले नाही.

औद्योगिक वसाहतीतील स्फोट, रात्री सोडला जाणारा वायू, नवापूरच्या खाजणात मरून तरंगणारे मासे, यांविषयीच्या उत्तरांबद्दल मी थोडक्यातच लिहितो. प्रक्रिया केंद्राची क्षमता किती, नोटिसा किती बजावल्या, किती कारखान्यांना बंदचे आदेश दिले, अशी ती उत्तरे असत आणि त्यांतले आकडे खरेच असत. मच्छीमारांचे त्याने समाधान झाले नाही. अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापुढे दाद मागितली आणि जानेवारी २०२२ मध्ये न्यायाधिकरणाने उद्योगांवर भरपाईचा बोजा टाकला, ही सभागृहाच्या दृष्टीने काही अभिमानाची गोष्ट नव्हे. रेल्वेच्या बाबतीत उलट अनुभव आला. उपनगरी गाडी डहाणूपर्यंत यावी हे मागणे पिढ्यान्‌पिढ्या दर खासदाराने मांडले, आणि एप्रिल २०१३ मध्ये ती आली. मागणे साधे, मोजता येण्यासारखे आणि फलाटावर उभ्या असलेल्या हजारोंना दिसणारे होते, म्हणून ते कोणालाच विसरता आले नाही.

आता वाढवणचा प्रश्न आहे. डहाणू तालुका १९९१ पासून पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून घोषित आहे, न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखालील प्राधिकरणाने १९९८ मध्ये तेथील बंदराला विरोध केला होता, आणि जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ७६,२२० कोटी रुपयांच्या त्याच बंदराला मंजुरी दिली व ३० ऑगस्ट रोजी पालघरला त्याची पायाभरणीही झाली. बंदर असावे की नसावे, यावर आमच्या प्रतिनिधींची भाषणे दोन्ही अंगांनी पुष्कळ झाली आहेत आणि होतील. माझे म्हणणे त्याहून लहान आहे. नुकसानभरपाईची यादी नौकांच्या परवान्यांवरून तयार होते. परवाना नौकेच्या मालकाच्या नावे असतो. त्या नौकेवरचा खलाशी, बंदरावर मासळी निवडणारी बाई, पाटी घेऊन बोईसरच्या बाजारात बसणारी कोळीण, आणि खडकावर कालवे फोडून पोट भरणारे, यांच्याजवळ परवाना नसतो. त्यांची संख्या किती, हा प्रश्न कोणी वेळेवर आणि नेमका विचारला नाही, तर काही वर्षांनी ‘सदर व्यक्ती पात्र लाभार्थींच्या यादीत नाहीत’ असे एक वाक्य कुठल्यातरी मेजावर लिहिले जाईल, आणि ते खरेही असेल.

म्हणून माझ्या भागातील लोकांना, विशेषतः सातपाटी-मुरब्यापासून वरोर-वाढवणपर्यंतच्या आणि वर घाटातल्या गावकऱ्यांना, एक विनंती करावीशी वाटते. आमदारांना किंवा खासदारांना निवेदन द्याल तेव्हा त्यात न्याय, अस्मिता, उपेक्षा हे शब्द हवे तर घाला, पण गट क्रमांक घाला, पूर्वी दिलेल्या अर्जाचा आवक क्रमांक आणि तारीख घाला, माणसे मोजून त्यांची यादी जोडा आणि निवेदनाच्या प्रतीवर पोच घ्या. अधिवेशन संपल्यावर त्यांच्याकडून छापील उत्तराची प्रत मागून घ्या. ती देण्यात त्यांना काही अडचण नसते आणि आता ती संगणकावरही पाहता येते. उत्तरात ‘कार्यवाही चालू आहे’ असे असले, तर ते कात्रण घेऊन त्याच आठवड्यात मामलेदार कचेरीत जा. तेथे मेजावर जो कोणी बसला असेल त्याला ते वाक्य ओळखीचे असेल, कारण बहुधा ते त्यानेच लिहिलेले असते.